पाठमोऱ्या इंदूताई

चित्रपट पाहण्याची सवय मला कधी लागली नाही आणि या वयात ती लावून घेण्याचे कारणही नव्हते. तथापि दिवाळीच्या सुटीत माझी नात अन्वी आपला संगणक घेऊन खोलीत आली, मी संध्येची पळी-पंचपात्री जागेवर ठेवीपर्यंत दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, "आबा, एक पिक्चर है. आपको देखना ही पड़ेगा." आमच्या घरी मी मराठीत बोलतो आणि ती हिंदीत उत्तर देते. त्यामुळे उभयतांचे आजवर काही अडलेले नाही.

चित्रपट परदेशी होता आणि काळ चाळीसएक वर्षांपूर्वीचा. केस फुगवलेल्या, कपाळाला रंगीत पट्ट्या बांधलेल्या शाळकरी मुली, टीव्हीवर होणारा नाचाचा एक कार्यक्रम, आणि त्यात एकदा तरी आपण दिसावे म्हणून त्यांनी मांडलेला आटापिटा, एवढीच कथा. भाषा मला निम्मी कळली. पण तळमळीला भाषांतर लागत नाही. शेवटी दिव्यांच्या झोतात नायिका गर्रकन वळते आणि तिचा चेहरा सारा पडदा व्यापून टाकतो. तेथे अन्वीने चित्र थांबवले. मग ती हळूच म्हणाली, "ये मावशी को दिखाना था ना, आबा."

मावशी म्हणजे इंदूताई. येत्या माघात त्यांना जाऊन वर्ष होईल.

इकडे छत्तीसगढात मोहल्ल्याला पारा म्हणतात; आमच्या बूढ़ापाऱ्यात त्यांचे घर आमच्यापासून तिसरे, तलावाच्या अंगाला. ज्या कन्याशाळेत मी संस्कृत शिकवले, तेथेच त्या पुढे शिवणकाम शिकवू लागल्या, म्हणून शेजार आणि सहवास दोन्ही घडले. वयाने मी वडील. त्या मला 'गुरुजी' म्हणत. त्यांचे चरित्र सांगण्याचा माझा संकल्प नाही. जन्म, विवाह, नोकरी यांत कोणत्याही सद्गृहस्थ घराहून निराळे असे त्यांचे काही नव्हते. निराळे होते ते त्यांचे पाहणे.

अंगकाठीने त्या अतिशय बुटक्या होत्या. गळ्यात मोजपट्टी असे, ती शाळा सुटल्यावरही काढायची राहून जाई, आणि त्याच अवस्थेत त्या गोल बाज़ारात भाजी घेत. पाठीवर मात्र एकच दाट, कमरेखाली उतरणारी वेणी. वयाबरोबर ती पांढरी झाली, विरळ झाली. त्यांनी तिचा अंबाडा कधी वळला नाही की लांबी कमी केली नाही. शिवणाच्या वर्गात त्यांनी बाके भिंतीला लावून टाकली होती. मुलींनी जमिनीवर गोल बसायचे, मध्ये यंत्र, यंत्रापाशी त्या. तपासणीस आलेल्या एका अधिकाऱ्यांनी विचारले, "ये क्या व्यवस्था है?" इंदूताईंनी टाके घालणे न थांबवता उत्तर दिले, "मागं बसली म्हणजे गेली, साहेब. माझ्या वर्गाला मागची रांगच नाही." साहेब मराठी जाणत नव्हते; पण त्या स्वरापुढे त्यांनी मान डोलावली आणि ते निघून गेले.

वर्षाच्या अखेरीस शाळेचे समूहछायाचित्र निघे, तो दिवस छायाचित्रकाराच्या दृष्टीने कसोटीचा असे. आम्ही शिक्षक खुर्च्यांवर, मुली मागे पायऱ्यांवर. तो बिचारा 'रेडी' म्हणे, आणि त्याच्या पाठीमागून इंदूताईंचा आवाज येई, "थांब रे भैया! ती तिसरी पोट्टी दिसूनच नाही राहिली. ए, तोंड दाखव! अन् तू, उंटा, मान तिरपी कर, मागच्या लेकराले जागा दे." पुन्हा 'रेडी', पुन्हा 'थांब रे भैया'. एकदा मुख्याध्यापिका उन्हाने त्रासून म्हणाल्या, "इंदूताई, तुम्ही येऊन बसा तरी!" त्या म्हणाल्या, "मी तिकडं बसली तं इकडून पाहीन कोण?" परिणामी शाळेच्या भिंतीवरील त्या सर्व छायाचित्रांत प्रत्येक मुलीचा चेहरा स्वच्छ आहे, आणि इंदूताई एकातही नाहीत.

या स्वभावाचे मूळ मला ठाऊक होते, कारण ते रुजले त्या संध्याकाळी मी तेथे उपस्थित होतो.

मी तेव्हा नुकताच नोकरीस लागलो होतो आणि इंदू शाळेत जाणारी मुलगी होती. टीव्ही पाऱ्यात एकाच घरी, वकीलसाहेबांकडे. दूरदर्शन केंद्रावर मुला-मुलींच्या नाचगाण्यांचा एक कार्यक्रम होत असे. त्यासाठी आमच्या मराठी मुलींच्या भुलाबाईच्या टिपऱ्या निवडल्या गेल्या होत्या. विदर्भातून आलेल्या घरांचे हे व्रत. भाद्रपदी पौर्णिमेला भुलाबाई आणि भुलोबा, म्हणजे पार्वती-शंकर, मातीच्या रूपाने घरी बसतात आणि कोजागिरीपर्यंत मुली रोज त्यांच्यापुढे गाणी म्हणतात. आमच्याकडील रीत अशी की जोडी मध्ये मांडायची आणि मुलींनी भोवती रिंगण धरून टिपऱ्या खेळायच्या.

केंद्रावर जागा अपुरी होती. म्हणून रिंगण फिरू दिले नाही. खडूने गोलाकार खुणा करून प्रत्येकीला एकेका खुणेवर उभे केले. इंदू सर्वांत बुटकी. बुटक्यांनी पुढे उभे राहायचे, हा शाळेचा शिरस्ता. त्याप्रमाणे तिला सर्वांत पुढे, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ उभे केले. घरी येऊन तिने ते सांगितले आणि तिच्या आईने साऱ्या पाऱ्यात सांगितले, "आमची इंदू सगळ्यांच्या पुढं हाय, बरं का!" रिंगणात पुढे उभे राहणे म्हणजे काय, हे कोणाच्याच ध्यानात आले नाही. मीही त्यांतलाच.

वकीलसाहेबांच्या दिवाणखान्यात तिळभर जागा उरली नव्हती. इंदू टीव्हीच्या पुढ्यात जमिनीवर, मी पार मागे दाराशी. कार्यक्रम सुरू झाला. समोरच्या मुलींचे चेहरे दिसले, बाजूच्या मुलींचे गाल दिसले, आणि सर्वांच्या पुढे, सर्वांत मोठी, दिसली ती एक वेणी. नाच संपेपर्यंत ती वेणी तालावर हलत राहिली. "वळंल आता," तिची आई पुटपुटली. वळायचे नव्हतेच, वळले तर देवीकडे पाठ झाली असती. कार्यक्रम संपल्यावर वकिलीणबाई दयाळूपणे म्हणाल्या, "वेणी मात्र किती छान दिसली हो!" तिची आई म्हणाली, "फीत मीच बांधली. लाल होती. इथं काळी दिसली, नाही?" मी दाराशी उभा होतो तेथून मला पडद्यावर एक वेणी दिसली होती आणि पडद्यासमोर दुसरी. त्या मुलीने वळून कोणाकडेच पाहिले नाही.

पुढे ती इंदूताई झाली आणि पाऱ्यातील भुलाबाई आपोआप तिच्याकडे आली. ज्वारीच्या धांड्यांचा मांडव करायचा, तर इकडे सगळा मुलूख धानाचा. म्हणून त्या धानाच्या कोवळ्या लोंब्यांची झालर विणून मखराला लावीत. मूर्ती घेताना कुंभाराला हैराण करीत. देवीचे डोळे सरळ समोर पाहणारे हवेत, खाली झुकलेले चालायचे नाहीत. "काहून हो मावशी, खाली पाहणारी सोज्वळ दिसते," कोणी म्हटलेच तर उत्तर ठरलेले, "महिनाभर पोट्ट्या नाचणार, अन् ही काय फरशी पाहत बसंन?" मूर्तीपाशी रिंगणाच्या मध्यभागी स्वतः बसायच्या, टाळी धरायच्या, आणि बसल्या बसल्या गोल सरकत राहायच्या, म्हणजे प्रत्येक मुलगी आळीपाळीने त्यांच्यासमोर यावी.

गाणी झाली की खिरापत. ती सरळ वाटायची नसते. झाकलेला डबा वाजवायचा आणि आवाजावरून आत काय ते मुलींनी ओळखायचे. ओळखेपर्यंत झाकण उघडत नाही. इंदूताईंसारखा डबा कोणी वाजवला नसेल. फुटाणे असले तर फडक्यात गुंडाळून ठेवीत, लाडू असला तर सोबत दोन सुपाऱ्या टाकीत. एकदा शेजारच्या छत्तीसगढी बाईंकडून ठेठरी, म्हणजे बेसनाची तळलेली वेटोळी, आणून घातल्या आणि साऱ्या मराठी मुली 'चकली, चकली' करीत हरल्या. मी ओसरीवर जप करीत बसलेलो असे. त्या डबा घेऊन माझ्यापर्यंत येत, कानाशी वाजवीत. "ओळखा न गुरुजी." मी दरवेळी म्हणे, "खडीसाखर." देवीच्या नैवेद्याला त्याहून उचित काय असणार? दरवेळी चुके. "शास्त्र शिकले, पण डबा नाही शिकले जी!" असे म्हणून त्या हसत.

गेल्या वर्षीच्या भुलाबाईत ते आमंत्रण आले. शंकर नगरातील एका नव्या वाहिनीवर किशोरवयीन मुलामुलींचा नाचाचा कार्यक्रम सुरू झाला होता. कोणीतरी मोबाइलवर टिपलेला आमच्या मुलींचा खेळ तेथील तरुण दिग्दर्शकाने पाहिला आणि तालमीला बोलावले. मुलींच्या आनंदाला पारावार उरला नाही. त्यांतील निम्म्यांना गाण्यांचे अर्थही इंदूताईच समजावून देत, तेही हिंदीत. पण टिपऱ्या त्यांच्या हातात बसल्या होत्या. अन्वीसाठी म्हणून मीही गेलो आणि कोपऱ्यातील खुर्चीवर बसलो.

दिग्दर्शक मुलगा उद्धट नव्हता, घाईत होता. त्याने रिंगण एकदा पाहिले आणि म्हणाला, "बहुत बढ़िया, आंटी. बस सर्कल खोल दीजिए. दो लाइन, सबका मुँह कैमरे की तरफ़. मूर्ति पीछे टेबल पर रख देंगे."

"म्हणजे देवीकडे पाठ?"

"आंटी, टीवी पर तो ऐसे ही होता है."

"रिंगण मोडणार नाही," इंदूताई म्हणाल्या.

त्याने घड्याळाकडे पाहिले. "ठीक है. सर्कल रखिए. लेकिन आधी लड़कियों की पीठ आएगी, फिर मत कहिएगा." आणि त्याने स्वतःच जागा ठरवायला घेतल्या. माझी अन्वी अंगाने लहान. तिचा खांदा धरून त्याने तिला कॅमेऱ्यापाशी आणले. "तुम सबसे छोटी हो, तुम फ़्रंट में."

अन्वी धावत माझ्याकडे आली. "आबा! मुझे फ़्रंट मिला!"

मी इंदूताईंकडे पाहिले. त्यांचा हात गळ्यातल्या मोजपट्टीवर घट्ट मिटला होता.

त्या संध्याकाळी त्या आमच्याकडे आल्या. माझ्या सुनेने चहा आणून ठेवला, त्याकडे त्यांचे लक्ष नव्हते. "गुरुजी, तुमाले एक विचारायचं आहे. शास्त्राचं. रांगेत उभ्या केल्या तं पोट्ट्यांचं तोंड दिसते, पण देवीकडे पाठ होते. रिंगण ठेवलं तं देवीकडे तोंड राहते, पण अर्ध्या जणींची वेणीच दिसंन. अन्वीची तं फक्त वेणी. उद्या चित्रीकरण आहे. मले सांगा, कोणतं पाप लहान?"

विधिनिषेध सांगणे सोपे असते. परंतु समोर विचारणारी व्यक्ती वकीलसाहेबांच्या दिवाणखान्यातून उठून आली आहे, हे मला दिसत होते. मी म्हणालो, "इंदूताई, प्रदक्षिणेत आपण देवाला मध्ये ठेवतो ते उगीच नव्हे. मध्ये बसलेल्याच्या लेखी कोणीही मागचे नसते. रिंगणात पाठ दिसते ती बाहेर उभ्या असलेल्यांना. जगदंबेला तुमच्या एकाही मुलीची पाठ आजवर दिसलेली नाही. तिच्यापुढे सगळी मुखेच आहेत."

त्या माझ्याकडे एकटक पाहत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "म्हणजे तेव्हा... तिनं मले पाहिलं होतं म्हणा."

"तुमच्याखेरीज काय पाहणार होती? सर्वांत पुढे होतात."

त्यांनी डोळ्यांना पदर लावला नाही. उलट त्यांच्या मुद्रेवर काहीतरी लखलखले. "मी जाते, गुरुजी," असे म्हणून त्या उठल्या. जाता जाता अन्वीला हाक मारली, "ए पोट्टी, तुझा मोबाइल घे अन् चल माझ्या घरी. सगळ्याजणींना बोलाव." चहा तसाच राहिला.

चित्रीकरणाच्या दिवशी मुली नटून उभ्या होत्या. दिग्दर्शकाने विचारले, "तो आंटी, लाइन या पीठ?"

"दोन्ही नाही. कॅमेरा मध्ये घे, बेटा. देवीपाशी. तिथून गोल फिरव."

"बीच में? पीछे लाइट के स्टैंड दिखेंगे, दीवार दिखेगी. नहीं होगा, आंटी. टाइम नहीं है. या तो लाइन बनाइए, या मैं अगला ग्रुप बुला लूँ?"

इंदूताई वळल्या. आवाज चढला नाही की थरथरला नाही. "चला गं. टिपऱ्या उचला."

मुलींना वाटले नव्हते असे होईल. एकीने मुसमुसायला सुरुवात केली. अन्वी माझ्याकडे पाहू लागली, जणू मी काही करू शकणार होतो. मी मनात नामस्मरण करीत बसलो. जशा दारातून एकदा आत जाऊनही ही बाई न दिसता परत आली होती, तशाच दारातून आज ती आपल्या मुलींना आपल्या हाताने बाहेर काढीत होती. टिपऱ्या पिशवीत पडल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

"अरे, पर आप चाहती क्या हैं?" तो मुलगा त्रासून म्हणाला.

त्यांनी अन्वीचा मोबाइल त्याच्या हातात दिला. आदल्या संध्याकाळी त्यांनी भुलाबाईपाशी बसून, स्वतः सरकत, सारे रिंगण टिपले होते. चित्र हलत होते, मध्येच त्यांचा अंगठा येत होता. पण एकामागून एक मुलगी येई, टिपरी मारताना सरळ डोळ्यांत पाही, हसे, आणि पुढची येई. त्याने ते पाहिले. पुन्हा पहिल्यापासून पाहिले. मग मोबाइल परत न देताच ओरडला, "स्टैंड हटाओ! सब दीवार तक ले जाओ!"

कॅमेरा मध्ये आला, तेव्हा नवा प्रश्न उभा राहिला: देवीची जागा त्याने घेतली. इंदूताईंनी माझ्याकडे पाहिलेही नाही. भुलाबाई-भुलोबाची जोडी त्यांनी मांडीवर घेतली आणि कॅमेरावाल्याच्या पायांशी जमिनीवर मांडी घालून बसल्या. "तू वर फिर, भैया. मी खाली फिरते."

दिग्दर्शक वाकून म्हणाला, "आंटी, वहाँ तो आप बिल्कुल नहीं दिखेंगी. साइड में खड़ी हो जाइए ना, कम से कम एक शॉट में आ जाएँगी."

"हव," त्या हसल्या, "मी नाही दिसली तं चालते. पोट्ट्यांनो, कॅमेऱ्याकडे नका पाहू बरं, खाली माझ्याकडे पण नका. जिथं रोज पाहता तिथं, भुलाबाईकडे पाहा."

नाच झाला. माझ्या खुर्चीवरून मला अर्थातच अर्ध्या मुलींच्या पाठीच दिसल्या, आणि आयुष्यात प्रथमच मला त्याचे वाईट वाटले नाही. संपल्यावर मुली ताठ, शिष्ट चेहऱ्यांनी उभ्या राहिल्या, टीव्हीवर राहतात तशा. दिग्दर्शक थांबण्याची खूण करणार इतक्यात खालून एक हात वर आला, हिरव्या बांगड्यांचा, आणि त्याने डबा खळखळ वाजवला.

मुली सारे विसरल्या. "फुटाणे!" "खुरमी!" "नहीं नहीं, दाणे!" "मावशी, चीटिंग! फिर से बजाओ!" रिंगण ढासळले, सगळ्याजणी डब्यावर झुकल्या, आणि कॅमेरावाला शहाणा, तो फिरतच राहिला.

बाहेर आल्यावर त्यांनी झाकण उघडून डबा माझ्यापुढे धरला. आत खडीसाखर होती. "जन्मभर खडीसाखर म्हणत राहिले गुरुजी, अन् आज घातली तं तोंडाले कुलूप!" चित्रीकरण चालू असता बोलू नये, अशी सूचना मी तंतोतंत पाळली होती.

तो कार्यक्रम लागला ती संध्याकाळ कोजागिरीनंतरची. इंदूताईंच्या घरी साऱ्या मुली जमिनीवर बसल्या होत्या. मी पूर्वीप्रमाणेच दाराशी. पुढे लवकरच मी परगावी दुसऱ्या मुलाकडे काही महिने गेलो, थंडीत त्यांचे दुखणे विकोपाला गेले, आणि परतलो तेव्हा घर बंद होते. त्यामुळे मी त्यांना शेवटचे पाहिले ते हेच.

टीव्ही भिंतीवर. इंदूताई आल्या आणि त्याच्याच खाली, भिंतीला पाठ टेकून, मुलींकडे तोंड करून बसल्या.

"मावशी, वहाँ से नहीं दिखेगा! इधर आओ ना!" अन्वीने जागा केली.

"पाहा तुम्ही. मले सगळं दिसून राहिलं."

वर पडद्यावर एकेक चेहरा येत होता. अन्वीचा आला, आणि खोलीत अन्वी तोंडावर हात ठेवून किंचाळली. ज्या मुलीचा चेहरा वर येई, ती खाली लाजे, आणि इंदूताईंची मान वळून नेमकी तिच्याकडे जाई; वर कोण आले हे त्यांना समोरच्या मुद्रांवरून कळत होते. एकदाही त्यांनी मागे वळून पाहिले नाही. शेवटी पडद्यावर तो बांगड्यांचा हात वर आला आणि डबा वाजला, तशा साऱ्या मुली पुन्हा एकदा ओरडल्या.

मी दाराशी उभा राहून पाहिले. वर फक्त त्यांचा हात होता. खाली, टीव्हीच्या चौकटीला लागून, पडद्याच्या उजेडाबाहेर पण समोरच्या सगळ्या डोळ्यांसमोर, त्यांचा चेहरा. पांढरी वेणी मागे, पाठ आणि भिंत यांमध्ये दडून गेली होती.